मुलाला सीएफडी ट्रेडिंग शिकायचंय? आधी एवढं समजून घ्या

बारावीनंतरच्या समुपदेशनात अलीकडे एक उत्तर वरचेवर ऐकू येतं : "मला ट्रेडर व्हायचंय." वडिलांना वाटतं, डिमॅट खातं उघडून चार शेअर घेणार असेल. प्रत्यक्षात मुलाच्या मोबाइलवर मेटाट्रेडर हे ट्रेडिंगचं ॲप असतं, खातं परदेशातल्या एखाद्या ब्रोकरकडे असतं आणि सौदे चालू असतात सोन्यात, युरो-डॉलरमध्ये किंवा अमेरिकी निर्देशांकात. हे सौदे म्हणजे सीएफडी, अर्थात कॉन्ट्रॅक्ट फॉर डिफरन्स. पालकांनी मोबाइल काढून घेण्याआधी आणि मुलानं कॉलेजकडे पाठ फिरवण्याआधी दोघांनी मिळून हा व्यवहार नीट समजून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सीएफडीत सोनं किंवा शेअर आपल्या मालकीचा होत नाही. सौदा उघडताना जो भाव होता आणि बंद करताना जो आहे, त्यांतला फरक ब्रोकर आपल्याला देतो किंवा आपल्याकडून घेतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये हा प्रकार रुळला. शेअर प्रत्यक्ष घ्यावा लागत नसल्यानं तिथलं मुद्रांक शुल्क वाचत होतं आणि हेज फंडांना ते सोयीचं होतं. पुढे इंटरनेट आलं आणि हेच साधन सामान्य ग्राहकाच्या हाती पडलं.

खरा धोका लिव्हरेजमध्ये आहे, म्हणून त्याचा हिशेब कागदावर मांडून पाहा. खात्यात १०,००० रुपये आहेत आणि ब्रोकर १०० पट लिव्हरेज देतो. म्हणजे तुम्ही १० लाखांचा सौदा करू शकता. भाव एक टक्का तुमच्या बाजूनं गेला तर पैसे दुप्पट, एक टक्का विरुद्ध गेला तर खातं रिकामं. सोन्यात एका दिवसात एक टक्क्याची हालचाल अगदी नेहमीची आहे. लिव्हरेज ५०० पट असेल आणि ते पुरतं वापरलं, तर ०.२ टक्के पुरतात. शिवाय पैसे पूर्ण संपेपर्यंत ब्रोकर थांबत नाही; मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी खात्यात ठेवावी लागणारी रक्कम, कमी पडलं की यंत्रणा सौदा आपोआप बंद करते. तासाभरात भाव पुन्हा वर येतो, मुलाचा अंदाज बरोबर ठरतो, पण तोवर पैसे गेलेले असतात.

खर्चाकडे तर बहुतेकांचं लक्षच जात नाही. खरेदी आणि विक्रीच्या भावांतला फरक, म्हणजे स्प्रेड, पूर्ण सौद्यावर लागतो. १० लाखांच्या सौद्यावर ०.०३ टक्के स्प्रेड म्हणजे ३०० रुपये, म्हणजेच मुलाच्या स्वतःच्या पैशांच्या तीन टक्के, तेही एका सौद्याला. दिवसातून पाच सौदे करणाऱ्यानं याचा गुणाकार स्वतः करावा. सौदा रात्रभर उघडा ठेवला तर बहुतेक वेळा त्याचं शुल्क वेगळं लागतं.

"मी स्टॉप लॉस लावतो," असं मुलं सांगतात. म्हणजे ठरावीक भाव आला की तोट्यातला सौदा आपोआप बंद करण्याची सूचना. ती लावायलाच हवी, पण ती हमी नव्हे. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस नॅशनल बँकेनं एका युरोला १.२० फ्रँक ही राखून धरलेली मर्यादा अचानक सोडली. काही मिनिटांत फ्रँक उसळला, स्टॉप लॉस ठरवलेल्या भावापासून फार दूर जाऊन लागले आणि अनेक ग्राहकांची खाती उणे झाली. अल्पारी यूके ही ब्रोकर कंपनी दिवाळखोरीत गेली. युरोपच्या नियामकानं २०१८ मध्ये नियम आवळले : प्रमुख चलनांवर जास्तीत जास्त ३० पट लिव्हरेज, एकेका शेअरवर ५ पट, खातं उणे होऊ द्यायचं नाही, आणि किती टक्के ग्राहक तोट्यात आहेत हे ब्रोकरनं जाहिरातीतच छापायचं. तेव्हा तिथल्या नियामकांच्या पाहणीत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात आढळली होती. अमेरिकेत सामान्य ग्राहकाला सीएफडी विकताच येत नाही.

आपल्याकडे काय? भारतात राहणाऱ्यानं परदेशी ऑनलाइन ब्रोकरकडे मार्जिन भरून चलनाचे सौदे करणं फेमा या परकीय चलन कायद्यात बसत नाही. परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेतही मार्जिनसाठी रक्कम पाठवता येत नाही. रिझर्व्ह बँकेनं अनधिकृत फॉरेक्स मंचांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध केली आहे, ती संकेतस्थळावर पाहता येते. मात्र यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असा अर्थ काढू नका. आणखी एक गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. अशा ब्रोकरकडे पैसे अनेकदा कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात यूपीआयनं भरायला लावतात आणि परत येताना तसेच कुठून तरी येतात. ते पैसे दुसऱ्या एखाद्या फसवणुकीतले निघाले तर पोलिस तपासात मुलाचं बँक खातं गोठवलं जातं.

मुलगी लंडन किंवा सिडनीला शिकत असेल तर तिथे सीएफडी कायदेशीर आहे. तरीही ब्रोकरची नोंद त्या देशाच्या नियामकाकडे आहे ना, हे तिनं पाहावं. एकाच नावाची कंपनी नियम सैल असलेल्या बेटांवरच्या शाखेतून भरमसाट लिव्हरेज देते, तेव्हा वर सांगितलेलं संरक्षण तिथे लागू नसतं.

"मग एफ अँड ओ करतो, ते तर कायदेशीर आहे," हा पुढचा युक्तिवाद. एफ अँड ओ म्हणजे आपल्याच शेअर बाजारातले फ्युचर्स आणि ऑप्शन्स. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. खर्च वजा जाता एक लाखाच्या वर नफा कमावणारे फक्त एक टक्का. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेलं, हे मला सर्वांत चिंतेचं वाटतं. समोर नफा कमावणाऱ्या मोठ्या संस्थांचा जवळजवळ सगळा नफा अल्गोरिदमनं केलेल्या सौद्यांतून आला होता. वर्गातल्या मागच्या बाकावरून मोबाइलवर सौदा टाकणारा मुलगा त्यांच्याशी स्पर्धा करतो आहे.

तरीही हा विषय शिकूच नये, असं मी म्हणणार नाही. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला युरोत पैसे येणार असतात, पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीला डॉलरमध्ये. भाव बदलण्याची जोखीम त्यांना कुणीतरी मोजून द्यावी लागते. बँकांची ट्रेझरी, क्लिअरिंग कॉर्पोरेशन, ब्रोकरांचे जोखीम विभाग, एक्स्चेंजची देखरेख यंत्रणा या सगळ्यांना डेरिव्हेटिव्ह कळणारी माणसं लागतात, आणि तिथे दरमहा पगार मिळतो. त्यासाठी संख्याशास्त्र, लेखाशास्त्र आणि पायथन पक्कं करा. पाताळगंगेला एनआयएसएम या रोखे बाजाराचं शिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं संकुल आहे; त्यांची इक्विटी डेरिव्हेटिव्हची परीक्षा (सीरिज आठ) पदवी चालू असताना देता येते आणि ब्रोकरकडे त्या विभागात सौदे टाकण्यासाठी ती लागतेच. पुढे जोखीम व्यवस्थापनाची एफआरएम किंवा गुंतवणूक विश्लेषणाची सीएफए परीक्षा आहे.

सराव करायचा तर डेमो खात्यावर करा, निदान सहा महिने, आणि प्रत्येक सौद्याचं कारण व खर्च वहीत लिहा. डेमोत स्वतःचे पैसे जाण्याची भीती नसते, त्यामुळे तिथला नफा खऱ्या खात्यात उतरेलच असं नाही. फी, हॉस्टेलचे पैसे, लोन ॲपची उचल यांतला एक रुपयाही बाजारात नको. टेलिग्रामवर टिप देणाऱ्या 'सरां'ना अनेकदा ब्रोकरकडून तुमच्या प्रत्येक सौद्यावर कमिशन मिळतं, तुम्ही जिंका किंवा हरा.

पालकांनो, नफ्याच्या स्क्रीनशॉटवर समाधान मानू नका. ब्रोकरचं पूर्ण स्टेटमेंट मुलासोबत बसून वाचा, तेही आवाज न चढवता. तोटा झाकण्यासाठी तो उधारी करत असेल, रात्र रात्र झोपत नसेल, तर आधी त्याला सावरा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. पैसे फसवणुकीत गेले असतील तर लाजून थांबू नका, त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.