गच्चीच्या कामाचा हिशेब

आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग उन्हाळ्यात झालं आणि पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या मजल्यावरच्या घरांत ओल उतरली. ठेकेदाराचं बिल तोवर पूर्ण चुकतं झालं होतं. काम त्यालाच द्यायचं कधी ठरलं, हे सभासदांपैकी कुणाला सांगता येईना.

एका शेजाऱ्यांनी संतापून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, ‘सेक्रेटरीनं कमिशन खाल्लं.’ हाती कागद एकही नव्हता. वकिलाची नोटीस आली आणि पुढे कित्येक दिवस गच्ची राहिली बाजूला, माफीवरच खल चालला. दुसऱ्या एकांनी निषेध म्हणून मेंटेनन्स थांबवला. हे तर कुणीच करू नये. थकबाकीवर उपविधींनुसार व्याज लागू शकतं, निबंधकांकडून वसुलीचा दाखला निघू शकतो, आणि थकबाकीदाराला समितीची निवडणूक लढवता येत नाही. जाब विचारणारा माणूसच बाद होतो.

आम्ही काही जणांनी लेखी अर्ज दिला : सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, लेखापरीक्षित ताळेबंद, लेखापरीक्षकाचा अहवाल. ही कागदपत्रं पाहण्याचा सभासदाला हक्क आहे आणि शुल्क भरून प्रतीही मिळतात. ऑफिसात पोच देईनात, तेव्हा तोच अर्ज रजिस्टर्ड पोस्टानं पाठवला. अर्जात आरोपाचा एक शब्द ठेवला नाही, आणि त्याचाच उपयोग झाला.

इतिवृत्तात गच्ची सापडली ‘आयत्या वेळच्या विषयां’त. सभेच्या नोटिशीत तिचा उल्लेख नव्हता. अर्धी माणसं चहा घेऊन घरी गेल्यावर ठराव मंजूर झाल्याची नोंद. तीन कोटेशनं फाइलला होती, पण त्यांतल्या दोघांचा पत्ता एकच! माझं म्हणणं स्पष्ट आहे : मोठ्या खर्चाचा ठराव या सदरात कधीच होऊ देऊ नका. विषयपत्रिकेत नसेल तर तिथेच उभं राहून विरोध नोंदवायला लावा, आणि इतिवृत्ताचा मसुदा आला की मुदतीत लेखी हरकत घ्या. मसुदा वाचायचा कंटाळा फार महागात पडतो.

पुढची पायरी संख्येची. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर समितीला विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. तितक्याच सभासदांच्या अर्जावर निबंधक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खाली चौकशी लावू शकतात. गैरव्यवहार सिद्ध झाला तर कलम ८८ प्रमाणे नुकसानीची रक्कम जबाबदार पदाधिकाऱ्यांकडून वैयक्तिक वसूल होते. उपनिबंधक कार्यालयात तारखांमागून तारखा पडतात, म्हणून सह्या गोळा करतानाच लोकांना हे सांगावं.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. सह्यांचा कागद पाहूनच विशेष सभा लागली, ठेकेदारानं स्वखर्चानं काम पुन्हा केलं आणि समितीनं राजीनामा दिला. दोन कोटेशनांवर एकच पत्ता कसा, याचं उत्तर मात्र सभेत मिळालं नाही. नव्या समितीत मी आहे. पदभार घेताना प्रत्येक फाइल, व्हाउचर, चेकबुक यादी करून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशीच ताब्यात घ्या. आमच्या यादीत गच्चीच्या कामाचं मोजमाप पुस्तकच नाही, आणि ते हजर करा असं पत्र जुन्या समितीला गेलं आहे.