मागील शिल्लक

सांगली,
फाल्गुन वद्य पक्ष, शके 1947

चि. छोटीस काकाचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, जानेवारीत अकरा संकल्प लिहिले होते, एकही टिकला नाही. हेही वर्ष गेलंच." मला लगेच उत्तर सुचलं नाही. तुझा आवाज मात्र रात्रभर कानात राहिला, म्हणून लिहायला बसलो.

चाळीस वर्षं हळदीच्या आडत दुकानात वह्या लिहिल्या. मला जे कळतं ते त्यातूनच कळलं.

आधी तारखेचं सांगतो. आमच्या दुकानाचं वर्ष पूर्वी दिवाळीच्या पाडव्याला सुरू व्हायचं. मग आयकराचा कायदा बदलला आणि 1989 पासून सगळ्यांचं वर्ष 31 मार्चला संपू लागलं. त्या अदलाबदलीत आमचं एक वर्ष सतरा महिन्यांचं झालं, 1987 च्या दिवाळीपासून 1989 च्या मार्चअखेरपर्यंत. धंदा चालूच राहिला. तेव्हा तूही हे वर्ष पंधरा महिन्यांचं धर. वर्षाची हद्द माणसांनीच आखलेली असते, आणि चार दिवसांवर पाडवा आलाच आहे.

पण नव्या वहीत पहिली ओळ कुठली लिहितात, ठाऊक आहे? यंदा किती कमवायचं, ही नव्हे. जमेच्या बाजूला मागील शिल्लक ओढतात, मगच पुढचा व्यवहार. तू शिल्लक न ओढताच अकरा नवी खाती उघडलीस.

ती शिल्लक काढताना एक गोष्ट जपून बघ. तेरीज, म्हणजे जमा आणि नावे या दोन बाजूंचा ताळा, जुळत नसली की आमचे जुने दिवाणजी म्हणायचे, फरकाची निम्मी रक्कम कर आणि ती कुठे चुकीच्या बाजूला पडली आहे का ते शोध. जमेची रक्कम नावे लिहिली गेली, तर फरक दुपटीने दिसतो. एकदा साडेचारशेच्या फरकासाठी मी तीन रात्री कंदिलाशी बसलो होतो. चूक सापडली ती सव्वादोनशेची. एका शेतकऱ्याने आणून दिलेले पैसे मी त्याच्याच नावे टाकले होते. पैसे दिलेला माणूस माझ्या वहीत देणेकरी झाला होता! ती शरम अजून विसरलेलो नाही.

गेल्या पावसाळ्यात तुझ्या आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा दीड महिना तू पुण्याची खोली सोडून घरी होतीस. औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणं, धाकट्याची शाळा, सगळं तू केलंस. आणि तुझ्या हिशेबात त्याची नोंद काय? "दीड महिना अभ्यास बुडाला." छोटे, ही रक्कम तू चुकीच्या बाजूला लिहिली आहेस. म्हणून तुला स्वतःतली तूट त्या रकमेच्या दुपटीने जास्त दिसते आहे. पूर्वपरीक्षेत कमी पडलेले गुण नावेच राहतील, ते मी पुसायला सांगणार नाही. पण आईचे ते दीड महिने जमेला घे.

दुसरं, किरकोळ खर्च. एका वर्षी आमचा किरकोळ खर्च हमालीच्याही वर गेला. मालकांनी ते खातं माझ्यासमोर फोडायला लावलं. चोरी कुणीच केली नव्हती. चहा, सुतळी, रिक्षा, टपाल. रोज थोडं थोडं, कुणाच्या ध्यानात न येणारं. तुझा दिवसही असाच फोड. संकल्प सध्या बाजूला ठेव, पंधरा दिवस फक्त रोजकीर्द लिही: उठले किती वाजता, वाचलं किती, फोन हातात किती वेळ होता. त्याच रात्री लिही. दुसऱ्या दिवशी लिहिलेली कीर्द आठवणीवर असते, आणि आठवण आपली बाजू घेते. स्वतःला रागावू नकोस, नुसतं लिही.

जर्मन शिकण्याचा संकल्प चार वर्षं तू पुढे ओढते आहेस. तो मनातून खरंच उतरला असेल, तर बुडीत खात्यात टाक. येणं वसूल होणार नाही हे एकदा मान्य केलं की दुकानदार मोकळा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अकरांतला एकच संकल्प ठेव. कोणता, ते मी सांगणार नाही. पंधरा दिवसांची कीर्द वाचलीस की तुलाच दिसेल.

दुकान सोडताना मालकांनी मला लाल कापडी बांधणीची एक कोरी वही दिली होती. इतकी वर्षं ट्रंकेत होती. ती दादाबरोबर पाठवतो आहे. वर "श्री" काढून ठेवलं आहे, शिलकेची ओळ तुझ्या अक्षरात येऊ दे.

काकू विचारते आहे, पाडव्याला येणार ना? आदल्या रात्री तिला चक्का टांगायचा आहे, दूध किती घ्यायचं ते कळव.

तुझा,
काका