आधी पोहोचला, तरी हरला कसा?

प्रश्न : यंदा उन्हाळ्यात मी ओहायोला भाच्याकडे गेले होते. एका शुक्रवारी रात्री ‘मावशी, चल, तुला शर्यत दाखवतो’ म्हणून तो मला घेऊन गेला. तिथे गेल्यावर कळलं, की शर्यतीत पळणार होती त्याची रोजची, किराणा आणायची टोयोटा कॅमरी. शेजारच्या पट्ट्यात मस्टँग! भाच्याला आधी सोडलं, मस्टँग तशीच थांबून राहिली. मग तीही सुटली, पण शेवटची रेषा भाच्यानेच आधी ओलांडली. मी टाळ्या वाजवल्या आणि विजयाचा दिवा मस्टँगच्या बाजूला लागला. भाचा मात्र हसत हसत एक चिठ्ठी घेऊन परतला. तिच्यावरचे आकडे सोबत पाठवते. आधी सुटायची सवलत कशासाठी, आणि आधी पोहोचूनही हार कशी? हे ऐकून माझा मुलगा म्हणतो, आपणही आपली गाडी रात्री रिकाम्या रस्त्यावर अशी पळवून बघू. त्याला काय सांगू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कॅमरीच्या काचेवर पांढऱ्या रंगात १६.२० असा मोठा आकडा लिहिलेला तुम्ही पाहिला असेल. तो आकडा तुमच्या भाच्याने स्वतःच ठरवलेला होता. ‘माझी गाडी पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, १६.२० सेकंदांत कापते’ असं त्याने शर्यतीआधी जाहीर केलं होतं. याला डायल-इन म्हणतात. मस्टँगवाल्याने १३.४० लिहिलं होतं. दोन्हींत फरक २.८० सेकंदांचा, म्हणून कॅमरीला हिरवा दिवा तेवढा आधी मिळाला. दोघांनी हिरव्यावर सारख्याच चपळाईने गाडी सोडली आणि आपापला शब्द तंतोतंत पाळला, तर दोन्ही गाड्या एकाच क्षणी रेषेवर येतात. शर्यतीच्या या प्रकाराला ब्रॅकेट रेसिंग म्हणतात, आणि घरची गाडी घेऊन आलेला माणूस मस्टँगच्या शेजारी उभा राहू शकतो तो याच्याच जोरावर.

आता लबाडी कशी रोखायची? १६ सेकंदांची गाडी असताना कोणी १७ लिहिलं, तर त्याला फुकटची आघाडी मिळेल. म्हणून नियम असा, की जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचलात तर तुम्ही बाद. त्याचं नाव ब्रेकआउट. भाच्याच्या चिठ्ठीवर १६.१४ आहे. सेकंदाच्या सहा शतांशांनी तो जास्त वेगात गेला, आणि तिथेच हरला.

तुम्ही पाठवलेले बाकीचे आकडे मांडून पाहिले. हिरवा दिवा लागल्यावर कॅमरी हलायला ०.१२ सेकंद लागले, पुढे धाव १६.१४ ची, बेरीज १६.२६. मस्टँग २.८० सेकंद थांबली, हिरव्यानंतर ०.२५ सेकंदांनी हलली आणि १३.४५ सेकंदांत पोहोचली, बेरीज १६.५०. म्हणजे भाचा ०.२४ सेकंद पुढे होता. शेवटच्या रेषेपाशी मस्टँगचा वेग ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास असणार, त्या हिशेबाने ती साधारण ११ मीटर मागे राहिली. भाच्याने शेवटी ॲक्सिलरेटरवरचा पाय जरासा उचलून गाडी ०.०७ सेकंदांनी उशिरा नेली असती, तर धाव १६.२१ ची झाली असती आणि तो तरीही पुढेच राहिला असता. मुरलेले खेळाडू नेमकं हेच करतात. शेवटच्या शंभर-दीडशे फुटांत आरशातून किंवा खिडकीतून शेजाऱ्याचा अंदाज घेऊन ते जिंकण्यापुरतीच आघाडी ठेवतात. ताशी १४० किलोमीटरच्या वेगात हा हिशेब करायला फार शांत डोकं लागतं.

त्या ०.१२ बद्दल मात्र भाच्याचं मनापासून कौतुक करा. सुरुवातीच्या रेषेवर दोन पट्ट्यांच्या मधे दिव्यांचा खांब असतो. त्याला तिकडे ख्रिसमस ट्री म्हणतात. १९६३ पासून तो आला, त्याआधी झेंडा घेतलेला माणूस उडी मारून गाड्या सोडायचा. खांबावर वरचे छोटे दिवे ‘तुझं चाक रेषेवर आलं’ एवढंच सांगतात. मग तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकाखाली एक लागतात, आणि आणखी अर्ध्या सेकंदाने हिरवा. नवखा माणूस हिरव्याची वाट बघतो. हिरवा दिसेपर्यंत, पाय दाबेपर्यंत आणि जड गाडी हलेपर्यंत अर्धा सेकंद सहज जातो. जाणकार तिसरा पिवळा उजळताच निघतो, कारण गाडी खरोखर जागा सोडेपर्यंत हिरवा लागलेला असतो. अंदाज थोडा जरी चुकला तरी लाल दिवा लागतो आणि शर्यत तिथेच संपते. कुटुंबाच्या सेडानचा पिकअप सावकाश असतो, त्यामुळे तिला किती आधी सोडायचं हे तिच्या मालकालाच ठाऊक.

इथे अनेकांची गफलत होते. धावेचं घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही. पुढचं चाक जमिनीलगतच्या प्रकाशझोतातून बाहेर पडलं, की ते सुरू होतं. हिरवा लागल्यावर तुम्ही पाच सेकंद बसून राहिलात, तरी चिठ्ठीवर धाव १६.१४ चीच येईल. ते पाच सेकंद वेगळ्या रकान्यात छापले जातील, आणि शेजारचा तोपर्यंत निघून गेलेला असेल. खेड-जुन्नरकडच्या बैलगाडा घाटात एकेक बारी घड्याळावर सुटते, तशी ही धावेची वेळ गाडीची असते. दिव्यावरची वेळ पूर्णपणे माणसाची.

साध्या गाडीला तयारी फार लागत नाही, पण जी लागते ती नेमकी असते. डिकीतलं सामान, स्टेपनी, जॅक बाहेर काढतात. एका माणसाइतकं वजन कमी झालं तरी दशांश-दोन दशांश सेकंदांचा फरक पडतो. एसी बंद ठेवतात, कारण त्यातून ठिबकणारं पाणी रेषेवर पडलं तर मागच्या गाडीचं चाक घसरतं. रेषेआधी पाण्याचा खड्डा असतो, त्यात शर्यतीचे गुळगुळीत टायर भिजवून, जागीच फिरवून तापवतात. रस्त्यावरचे टायर असलेल्या गाडीने त्याला वळसा घालून जायचं असतं, नाहीतर नक्षीत अडकलेलं पाणी ती थेट रेषेवर नेऊन सांडते. कॅमरीची पुढची चाकं ओढतात, आणि जोरात निघताना गाडीचा भार मागे सरकतो. त्यामुळे पाय एकदम दाबला तर पुढची चाकं नुसतीच फिरतात. चिठ्ठीवर पहिल्या ६० फुटांची वेळ वेगळी छापतात ती यासाठीच; निघताना काय बिघडलं ते तिथे लगेच दिसतं.

आता चिरंजीवांचं. १९५० साली कॅलिफोर्नियात सांता आना इथे सी. जे. ‘पॅपी’ हार्ट यांनी विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती भरवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. रात्री गावच्या रस्त्यांवर गाड्या पळवणाऱ्या, मरणाऱ्या आणि मारणाऱ्या पोरांना तिथून उचलून बंदिस्त पट्टीवर आणणं, हा त्यामागचा मोठा हेतू होता. भाचा धावला त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना कठडे असतात, रेषेपलीकडे थांबायला लांबच लांब मोकळी जागा असते, रुग्णवाहिका उभी असते, आणि समोरून कोणी येत नाही. डोंबिवलीच्या रस्त्यावर रात्री दोनलाही रिक्षा असते, कुत्रं असतं, रात्रपाळीहून पायी परतणारा कोणीतरी असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी गाड्यांची शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याला स्पष्ट नाही म्हणा. मग हेही सांगा, की लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ या नावाने पाव मैलाच्या शर्यती झालेल्या आहेत. आपल्याकडे मोटार शर्यतींचं नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते. तिच्या परवानगीने कुठे शर्यत होणार असेल तिथे हेल्मेट घालून, गाडीची तपासणी करून त्याने जरूर उतरावं. तुम्हीही टाळ्या वाजवायला जा.

राहता राहिले ते सहा शतांश. गाडी तीच, चालवणारा तोच, मग ती अचानक चपळ कशी झाली? माझा तर्क असा, की १६.२० हा आकडा भाच्याने उन्हं असताना केलेल्या चाचणीतून घेतला असावा. शर्यत तुम्ही रात्री पाहिलीत. हवा दहा अंशांनी थंड झाली की तीन टक्क्यांहून जास्त दाट होते, इंजिनला तेवढा जास्त ऑक्सिजन मिळतो आणि ताकद वाढते. जुनेजाणते खेळाडू संध्याकाळ उतरू लागली की काचेवरचा आकडा पुसून नवा लिहितात. चिठ्ठीवर सहसा वेळही छापलेली असते. भाच्याला फोन कराल तेव्हा चाचणीची चिठ्ठी शोधून काढायला सांगा, आणि ती किती वाजताची आहे ते मला कळवा.