जंतुनाशक गुळणी : काय साधते, काय साधत नाही

तोंडाला वास येऊ लागला की माउथवॉशची बाटली आणावयाची, आठ दिवस चुळा भरावयाच्या आणि काम झाले असे समजावयाचे, ही सवय आपल्यापैकी पुष्कळांना आहे. ही बाटली नेमके काय करते, हे आपण समजून घेऊ.

निरोगी तोंडातही असंख्य जिवाणू असतात. कॅन्डिडा नावाची बुरशीही अनेकांच्या तोंडात उपद्रव न देता राहते. हे जंतू दातांवर चिकट थर धरतात. हॉलंडच्या लेव्हेनहूकने १६८३ साली दातांवरील कीट सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा त्यात हालचाल करणारे जीव दिसले. व्हिनेगरची चूळ भरल्यावर थराच्या बाहेरचेच जीव मरतात, आतले वाचतात, असेही त्याला पुढे आढळले. आजच्या गुळणीची मर्यादाही हीच आहे.

दंतवैद्य बहुधा क्लोरहेक्झिडिन देतात. त्याचे रेणू धन विद्युतभाराचे, तर जंतूंचा पृष्ठभाग ऋण भाराचा. म्हणून ते जंतूंना चिकटतात. पेशीचे आवरण फाटून आतील द्रव्य पाझरते. मात्रा जास्त असल्यास ते द्रव्य गोठून जंतू मरतो. बुरशीवरही त्याचा असाच परिणाम होतो. हे औषध दातांवर व तोंडाच्या अस्तरावर टिकून कित्येक तास हळूहळू सुटत राहते, म्हणून ०.२ टक्के द्रावणाची १० मिलिलिटर चूळ दिवसातून दोनदा, एक-एक मिनिट पुरते. टूथपेस्टमधील फेस आणणारे द्रव्य त्याला निकामी करते, म्हणून दात घासल्यावर अर्धा तास थांबावे. फार दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात व चव बदलते. तेव्हा दंतवैद्य सांगतील तितकेच दिवस ते वापरावे.

थर निघतो तो ब्रशनेच. कवळी वापरणाऱ्यांनी ती रात्री काढून स्वच्छ करावी. दम्याचा स्टिरॉइड पंप घेणाऱ्यांनी नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. मधुमेह्यांनी साखर आटोक्यात ठेवावी. कारण या तिन्ही स्थितींत बुरशी बळावते.

एक गोष्ट मात्र गुळणीवर सोडू नये. मिश्री, तंबाखू, गुटखा यांची सवय असलेल्यांच्या तोंडात पांढरा वा लाल चट्टा किंवा न भरणारी जखम दोन आठवड्यांहून अधिक राहिली, तर ती कर्करोगाची सुरुवात असू शकते. दुखत नाही म्हणून थांबू नये. विद्यार्थी मित्रहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे तोंड एकदा उजेडात पाहा आणि शंका आल्यास त्यांना स्वतः दवाखान्यात घेऊन जा, एवढीच आमची विनंती.