प्लॅस्टिकचे घर्षण आणि पेट्रोलचा डबा

पौष-माघाच्या कोरड्या हवेत खताच्या गोणीतील प्लॅस्टिकची आतली पिशवी झटक्याने ओढून काढली, की ती हाताला चिकटते आणि मनगटावरील केस उभे राहतात. अंधारात हेच केले तर कधी कधी बारीक ठिणग्याही दिसतात. ही घर्षणविद्युत होय. एरवी तिची मुलांना गंमत वाटते. परंतु जवळ पेट्रोलची वाफ असेल तर तीच ठिणगी भडका उडविण्यास पुरेशी होते. पेट्रोलवर चालणारे फवारे, तण कापण्याची यंत्रे व लहान पंपसंच आता खेडोपाडी पोहोचले आहेत. त्यांच्याबरोबर इंधनाचा डबाही घरात व शेतात आला आहे, आणि तो बहुधा प्लॅस्टिकचा असतो. म्हणून या विजेची ओळख शेतकऱ्यास व गावपातळीवरील कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

दोन भिन्न पदार्थ एकमेकांस टेकले म्हणजे एकावरील काही विद्युत्कण दुसऱ्यावर जातात. पदार्थ विलग केले की ज्याने कण दिले तो धनभारित व ज्याने घेतले तो ऋणभारित राहतो. एक पृष्ठभाग दुसऱ्यावरून घसरत गेला म्हणजे स्पर्शाच्या जागा वाढतात, त्यामुळे भारही वाढतो. कोणता पदार्थ देणारा व कोणता घेणारा, याचा क्रम योहान कार्ल विल्के याने १७५७ मध्येच मांडला होता. आजच्या वस्तूंचा विचार केला तर नायलॉन, लोकर व माणसाची त्वचा देणाऱ्यांच्या बाजूस येतात. सुती कापड साधारण मध्यावर असते. पॉलिथिलीन व पी. व्ही. सी. घेणाऱ्यांच्या टोकास असतात. मात्र हा क्रम काटेकोर नाही. पृष्ठभागावरील धूळ, ओल व तेलकटपणा यांनी तो बदलतो, आणि एकाच जातीचे दोन प्लॅस्टिकचे पत्रे घासले तरीही भार उत्पन्न होऊ शकतो.

असा भार धातूवरही उत्पन्न होतो, पण धातू जमिनीशी जोडलेला असला तर तो तत्काळ निघून जातो. प्लॅस्टिक विजेचे दुर्वाहक असल्यामुळे भार जेथल्या तेथे साचून राहतो. पावसाळ्यात पृष्ठभागावर ओलाव्याचा सूक्ष्म थर असतो व त्यातून वीज हळूहळू निघून जाते. हिवाळ्याच्या सकाळी किंवा विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्याच्या दुपारी हा थर नसतो. वर्षभर काही घडले नाही म्हणून माघात किंवा चैत्रात घडणार नाही, असे मानणे धोक्याचे आहे.

पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असता ती पेटण्यास सुमारे पाव मिलिज्यूल, म्हणजे एका ज्यूलच्या चार हजाराव्या भागाइतकी, ऊर्जा पुरते. रेक्झिनच्या बैठकीवरून टेरिलिनच्या कपड्यांनी घसरत उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर कोरड्या हवेत कित्येक हजार व्होल्टचा भार चढू शकतो. सुमारे तीन हजार व्होल्टपर्यंतची ठिणगी माणसाला बहुधा जाणवतही नाही, आणि त्याहून कमी भाराची ठिणगीसुद्धा पेट्रोलची वाफ पेटवू शकते. हाताला चटका बसला नाही, एवढ्यावरून निर्धास्त राहता येत नाही. शिवाय पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चार पट जड असते; ती वर न जाता डब्याच्या तोंडाशी व खाली जमिनीलगत पसरते.

अमेरिकेत १९९८ मध्ये तेथील व्यावसायिक सुरक्षा संस्थेने याबाबत इशारा दिला होता. तेथील शेतकरी व कामगार लहान मालमोटारींच्या हौद्यात प्लॅस्टिकचे अस्तर घालीत आणि डबा त्या अस्तरावर ठेवूनच त्यात पेट्रोल भरून घेत. डबा अस्तरावर सरकून भारित होई; त्यात वाहत्या पेट्रोलच्या भाराची भर पडे; अस्तरामुळे तो जमिनीत उतरण्यास वाट उरत नसे. मग नळीचे तोंड जवळ आले की ठिणगी पडे. आपल्याकडील वाहनात ताडपत्री किंवा रबरी चटई अंथरलेली असते. परिणाम तोच.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. प्लॅस्टिकच्या डब्याला तार बांधून ती जमिनीत पुरण्याचा खटाटोप काहीजण करतात. तो व्यर्थ आहे. तार जेथे टेकते तेवढ्याच जागेचा भार जातो, बाकीचा तसाच राहतो. याहून घातक प्रकार म्हणजे प्लॅस्टिकच्या डब्यात लोखंडी नरसाळे बसवून पेट्रोल ओतणे. नरसाळे सुवाहक खरे, परंतु डबा दुर्वाहक असल्याने ते अधांतरी असते. त्यावर जमलेला सगळा भार, संधी मिळताच, एकाच ठिणगीत बाहेर पडतो, आणि ती ठिणगी नेमकी वाफेच्या तोंडाशी पडते. धातूचे नरसाळे घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्याबरोबरच वापरावे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात, परवान्याशिवाय बाळगावयाच्या अल्प पेट्रोलसाठी काच, चिनी माती व धातू यांचीच भांडी सांगितली आहेत, आणि धातूच्या भांड्याची मर्यादा २५ लिटर आहे.

डबा भरताना तो वाहनातून उतरवून उघड्या जमिनीवर ठेवावा. झाकण काढण्यापूर्वी वाफेपासून दूर असलेल्या, जमिनीशी जोडलेल्या एखाद्या लोखंडी वस्तूस उघड्या हाताने स्पर्श करावा. पंपाच्या नळीचे तोंड डब्याच्या कडेस टेकवून मगच भरणे सुरू करावे, ते संथ धारेने करावे व संपेपर्यंत टेकलेलेच ठेवावे. डबा कोरड्या फडक्याने पुसू नये. पुसणेच असेल तर ओल्या फडक्याने पुसावा. यंत्र गरम असताना त्यात पेट्रोल ओतू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. डिझेलचा धोका पेट्रोलच्या मानाने पुष्कळ कमी आहे, मात्र आधी पेट्रोल असलेल्या डब्यात डिझेल भरल्यास आत राहिलेली वाफ पेटू शकते.

घर्षणविद्युतीचा उपद्रव पेरणीयंत्रातही होतो. प्लॅस्टिकच्या पेटीत बारीक बी भिंतीला चिकटते आणि पेर विरळ पडते. संगजिऱ्याची किंवा ग्रॅफाइटची भुकटी थोडी मिसळली की काम भागते. त्यात जीविताचा प्रश्न नसतो.

गंधकाच्या धुरळणीत मात्र तो असतो. भुरी रोगासाठी गंधकाची भुकटी पेट्रोलच्या यंत्राने लांब प्लॅस्टिकच्या नळीतून उडविली, की भुकटी नळीच्या आतील बाजूस घासत जाते व नळी भारित होते. गंधकाचा धुरळा सुमारे १९० अंश सेल्सिअसला पेट घेतो. काही उत्पादक आपल्या पुस्तिकेत अशा यंत्राने गंधक धुरळण्यास स्पष्ट मनाई करतात. ती पाळावी, आणि गंधक द्यावयाचे तर पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी करावी. इतर भुकट्यांसाठी धुरळणी करताना नळीतील तांब्याची तार व तिच्या टोकास जोडलेली, जमिनीवर घासत जाणारी साखळी जागेवर आहे की नाही, हे यंत्र चालू करण्यापूर्वी पाहावे. पायात अडकते म्हणून ही साखळी काढून टाकलेली पुष्कळदा आढळते. गावपातळीवरील कार्यकर्त्याने भेटीच्या वेळी यंत्र पाहताना प्रथम तिची चौकशी करावी आणि नसल्यास ती बसवून घ्यावी.