वाड्यावरच्या गाडीचा भोंगा

माण तालुक्यातल्या बऱ्याच मेंढपाळांच्या दारात आता घोड्याच्या जागी गाडी आहे. दिवाळी सरली की दहिवडी-म्हसवडकडचे वाडे, म्हणजे मेंढपाळांची फिरती बिऱ्हाडं, पश्चिमेला निघतात. कोण कराड-पाटणपर्यंत जातं, कोण घाट उतरून कोकणात. पावसाच्या तोंडाला सगळे परत, कारण मेंढराला ओल सोसत नाही आणि आमच्याकडे पाऊस बेताचाच. आमच्या वाड्याचं बिऱ्हाड जुन्या बोलेरो कॅम्परमध्ये असतं. पुढच्या दोन रांगांत माणसं. मागच्या हौद्यात पिठाची पोती, वाघर (मेंढरं कोंडायची जाळी), भांडी, कोंबड्यांची डालगी आणि चालता न येणारी कोकरं. वर ताडपत्रीचं हूड आणि आत काढता-घालता येणाऱ्या फळ्या, म्हणजे रात्री दोघांना पाठ टेकता येते. (उभ्या गाडीतच. मालवाहू हौद्यात माणसं बसवून रस्त्यावर धावलं तर अपघातात विमा हात वर करतो. फळ्या पक्क्या जोडून गाडीचा साचाच बदलायचा म्हटलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी लागते.)

अशी गाडी रात्री उभी राहते ती कुणाच्या तरी पड रानात. ना भिंत, ना दिवा, ना शेजार. मेंढरं राखायला कुत्री असतात, पण परक्या गावात कुत्री रात्रभर भुंकतातच, त्यामुळे कुणी उठून बघत नाही. आणि चोर अख्खी गाडी न्यायला येतो असंही नाही. आधी जाते बॅटरी, मग डिझेल, मग स्टेपनी. हे ऐकून-ऐकून थोरल्या भावाने गावाकडे असतानाच एका दुकानात गाडीला अलार्म बसवून घेतला. रिमोट, दारांचं लॉक, धक्का ओळखणारा सेन्सर, सायरन आणि शिवाय ‘इंजिन कट’. दुपारी गाडी दिली, संध्याकाळी मिळाली.

पहिल्याच मुक्कामाला कळलं की हा माल शहरातल्या पार्किंगसाठी घडवलेला आहे. मेंढरू उभ्या गाडीला अंग घासतंच. टायरला घासतं, बंपरला घासतं, खाली सावली दिसली की आत शिरतं. प्रत्येक घासणीला सायरन. सायरन झाला की वाघरीतलं सगळं खांड एका अंगाला लोटतं, मेखा उपटतात आणि खाली कोकरं तुडवली जातात. आमचे आबा घोंगडं टाकून उठले आणि म्हणाले, “आरं, ह्यो भोंगा चोरास्नी हाय का मेंढरास्नी?” त्यांना उत्तर द्यायला कुणाकडे काही नव्हतं. मग जो-तो करतो तेच झालं. रात्री अलार्म लावायचाच बंद झाला.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. मोगराळे घाटात तसं राहिलं नाही. लोणंदच्या बाजाराला कोकरं घेऊन भाऊ फलटणच्या अंगाने घाट उतरत होता, शेजारी मी. एका वळणाच्या आधी डॅशबोर्डखाली टकटक आवाज आला आणि इंजिन गेलं. दिवे चालू, इंजिन बंद. भावाने गाडी गिअरमध्येच ठेवली, क्लचला पाय लावला नाही, आणि त्यामुळेच आम्ही वाचलो. चाकं इंजिनला फिरवत राहिली, म्हणून ब्रेकचा व्हॅक्यूम टिकला. गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकाखाली दगड लावले. क्लच दाबला असता किंवा गाडी न्यूट्रल केली असती तर दोन-तीन दाबांत ब्रेक दगडासारखा झाला असता.

नंतर मी खालचं पॅनेल उघडलं. मी आयटीआयला वायरिंग शिकलोय, त्यामुळे बघताक्षणी ओळखलं. डिझेल पंपाच्या सोलेनॉइडला किल्लीकडून जाणारी वायर मधेच कापून अलार्मच्या ‘इंजिन कट’च्या रिलेत नेली होती. जोड म्हणजे दोन टोकं पिळून वर काळी टेप. उन्हाने टेपचा डिंक सुटला होता आणि पीळ सैल पडला होता. अलार्मच्या मुख्य तारेला फ्यूज नव्हताच. ती बॅटरीवरून थेट आली होती आणि पत्र्याच्या धारेवर घासत होती. वाळल्या कुसळात उभ्या राहणाऱ्या गाडीत असली तार म्हणजे पेटती काडी. दुकानाचं नाव सांगून उपयोग नाही, असं काम कुठेही होतं. म्हणून समोर उभं राहून काय करवून घ्यायचं तेवढं सांगतो.

आधी आपल्या गाडीला कंपनीकडून इमोबिलायझर आलाय का ते बघा. जर्मनी-ब्रिटनमध्ये 1998 पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा आहे, आपल्याकडेही अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत असतो. किल्लीच्या डोक्यात बिनबॅटरीची चिप असते. किल्लीच्या छिद्राभोवतीचं कडं ती वाचतं, आणि सांकेतिक अंक जुळले नाहीत तर इंजिनचा संगणक डिझेल सोडत नाही. असा असेल तर त्यावर दुसरा चढवू नका. सेकंडहँड गाडी घेताना मात्र दोन्ही मूळ किल्ल्या मागून घ्या. बाजारात घासून आणलेली बिनचिपची किल्ली दार उघडते, स्टार्टर फिरवते आणि तिथेच थांबते.

जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीला वेगळा विचार लागतो. तिथे रिले इंधनाच्या वायरवर कधीच घालू देऊ नका. घालायचाच तर स्टार्टरच्या बारीक वायरवर. रिले जळला तर गाडी सुरू होणार नाही, पण चालती गाडी बंदही पडणार नाही. त्या वायरीवरून प्रवाह बराच जातो, म्हणून रिले 30-40 अँपिअरचा हवा. वायरमन म्हणेल, उतारावर ढकलून कुणीही सुरू करून नेईल. खरं आहे. त्यासाठी इंधनाच्या वायरवर एक साधा, दणकट, हाताने दाबायचा लपवलेला स्विच घाला. तो आपोआप काही ठरवत नाही, हेच त्याचं मोठेपण. तो कुठे आहे हे घरातल्या दोघांनाच माहीत असावं, आणि चालवताना चुकून पाय लागेल अशा जागी नसावा. तरीही सोलेनॉइडला बॅटरीवरून सरळ तार दिली की जुनं इंजिन सुरू होतंच. म्हणून बॉनेटला आतून कुलूप आणि रात्री स्टिअरिंगला दांडी. दांडी काढायला वेळ लागतो आणि आवाज होतो; आवाजच हवा तर तो असा मिळवावा.

जोड सगळे डाग देऊन, वर उष्णतेने आवळणारी नळी. मुख्य तारेला बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज. काम चालू असताना तिथून हलू नका, चहालासुद्धा. आपण बघतोय म्हटलं की टेप पिशवीत जाते आणि डागणी बाहेर येते.

जीपीएसवाले मोबाईलवरून इंजिन बंद करून दाखवतात. ती सोय मी काढून टाकायला लावली. घाटात कुणाचं बोट चुकून पडलं तर काय होईल ते आम्ही पाहिलंय. नुसता ठावठिकाणा सांगणारं यंत्र मात्र कामाचं आहे, फक्त त्याचं सिम रिचार्जवर जगतं हे ध्यानात ठेवा. पाटणच्या खोऱ्यात रेंज गेली तर ते गप्प बसेल आणि रेंज आली की साठवलेला रस्ता सांगेल.

बॅटरीचा हिशेब वाड्यावर सगळ्यात जास्त चुकतो. अलार्म 100 मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला 2.4 अँपिअर-तास जातात. 70 अँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवस उभ्या गाडीत तिसऱ्या हिश्शाने रिकामी. त्यात तिच्यावरच दिवा आणि चार मोबाईल. तेव्हा अलार्म 20-30 मिलिअँपिअरच्या वर खाणारा घेऊ नका. मोजायला मल्टिमीटर 10 अँपिअरवर लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मधे जोडा आणि वीसेक मिनिटं थांबा, कारण यंत्रं लगेच झोपत नाहीत. तेवढ्यात किल्ली फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. दिवा-मोबाईलसाठी छोटं सोलर पॅनेल आणि वेगळी छोटी बॅटरी ठेवली की गाडीच्या बॅटरीला हात लागत नाही. बॅटरीला लोखंडी पिंजरा आणि कुलूप.

आमचा धक्क्याचा सेन्सर मी सोडवून टाकला. बॉनेट आणि दारांचे स्विच ठेवले, सायरनच्या जागी आबांच्या उशाशी बारकी बझर. आता बॉनेट उघडलं तर आबा जागे होतात, मेंढरं नाही. सायरन ठेवणाऱ्याने आत स्वतःची बॅटरी असलेला घ्यावा. नाहीतर गाडीची बॅटरी काढली की तो मुका.

विम्याचं थोडक्यात. एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी यंत्राला 2002च्या मोटर टॅरिफमध्ये स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के सवलत होती, जास्तीत जास्त 500 रुपये. आता किती देतात ते आपल्या कंपनीला विचारा, पण तेवढ्यासाठी यंत्र घेऊ नये. गाडी गेलीच तर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. किल्ली गाडीत विसरली होती असं निघालं की निष्काळजीपणाचा मुद्दा येतो. आमच्याकडे एक किल्ली आबांच्या करदोड्याला असते आणि दुसरी गावाकडे वैनींच्या पेटीत. आरसी आणि विम्याचे फोटो तिघांच्या मोबाईलमध्ये.

आणि पोलिसांकडे लगेच जा, आधी 112 लावा. कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, पण पोलिसांत तक्रार वेळेवर झालेली असली तर. एका ट्रॅक्टरच्या चोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये असं ठरवलं. तपास लागला नाही तर पुढे ‘अ’ समरीचा कागद लागतो, तोही तिथूनच येतो. फिरत्या माणसाची अडचण हद्दीची असते. वाडा एका तालुक्यात, गाडी गेली ती दुसऱ्याच्या शिवेवर. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, जवळच्या ठाण्याला खबर नोंदवून घ्यावी लागते. शून्य क्रमांकाने नोंदवा म्हणायचं आणि प्रत हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही. ती प्रत फुकट मिळते.