हाय बीमसोबत जादा दिवे
प्रश्न: रात्री आंबोली घाटातून जावं लागतं. जादा ड्रायव्हिंग लाइट हाय बीमच्याच वायरला जोडले तर चालतील का?

उत्तर: थेट जोडू नका. 55 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर नऊ अँपिअरहून जास्त करंट ओढतात. मूळची बारीक वायर तापते. मध्ये रिले हवाच. बॅटरीपासून 15 अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या 30 नंबरच्या पिनला, तिथून 87 नंबरच्या पिनवरून दिव्यांना. हाय बीमची वायर फक्त 86 ला, 85 अर्थला. फ्यूज बॅटरीलगतच बसवा, इथे तडजोड नको. काही गाड्यांत हाय बीम अर्थच्या बाजूने चालू होतो, तिथे ही जोडणी बदलते. आधी मल्टीमीटर लावून बघा. लो बीम केलात की हे जादा दिवेही विझलेच पाहिजेत. आंबोलीच्या धुक्यात मात्र हे लावू नका, उजेड उलटा डोळ्यांवर येतो.